इब्न जुहरची शेळी

गेल्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी विज्ञानाचा शिक्षक नाही; उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. पण प्रदर्शन आलं की तक्त्यांवरचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे येतं. नववीतल्या एका मुलाने तक्ता आणला. वर हिरव्या अक्षरात मथळा होता: 'इंट्युबेशनचा शोध मुस्लिम शास्त्रज्ञांनी लावला.' खाली इब्न सीनांचं पगडीवालं चित्र आणि एक ओळ. त्यांनी हजार वर्षांपूर्वी घशात सोन्याची नळी घालून रोग्यांचे प्राण वाचवले.

शुद्धलेखन ठीक होतं. मी विचारलं, "बेटा, किती रोग्यांचे वाचवले?"

"मालूम नहीं सर."

"नळी आत गेली की नाही, हे त्यांनी कसं ओळखलं?"

"मालूम नहीं."

"तुला हे मिळालं कुठे?"

"अब्बू के मोबाइल पे आया था."

एरवी मी सही करून तक्ता भिंतीवर लावू दिला असता. असे तक्ते दरवर्षी लागतात, पाहुणे बघतात, माशाअल्लाह म्हणतात आणि पुढे जातात. पण त्याच्या दोन महिने आधी मी माझ्या मामूंना घेऊन एका दवाखान्यात बसलो होतो, आणि ही नळी म्हणजे काय असते ते जवळून पाहिलं होतं. त्यामुळे सही करायला हात उचलला नाही.

मामूंच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन साधं, असं सर्जन म्हणाले. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. म्हणाल्या, "चाचा, तोंड उघडा." मामूंनी उघडलं. "आणखी उघडा." मामू म्हणाले, "इतनाच खुलता है." मॅडमनी त्यांना स्वतःचं बोट दातांच्या मध्ये धरायला सांगितलं. एक बोट कसंबसं गेलं. साधारण माणसाची तीन बोटं जातात. मामूंनी वीस-पंचवीस वर्षं गुटखा खाल्लाय. गालांच्या आतलं कातडं कडक होऊन दोरीसारखं ताणलं गेलंय. घरी आम्हाला एवढंच माहीत होतं की मामू निवाला लहान घेतात आणि तिखट खात नाहीत. मॅडमनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "सर, यांचं ऑपरेशन सोपं आहे, भूल देणं अवघड आहे."

अवघड का, ते त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पूर्ण भूल दिली की अंगातले स्नायू ढिले पडतात, जीभ मागे घशावर पडते आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाने श्वास थांबतो. म्हणून तोंडातून एक नळी स्वरयंत्रातून पार करून श्वासनलिकेत घालतात आणि यंत्राने श्वास देतात. याला इंट्युबेशन म्हणतात. स्वरयंत्राच्या मागेच अन्ननलिकेचं तोंड असतं. नळी चुकून तिकडे गेली तर हवा पोटात जाते आणि फुप्फुसं रिकामी राहतात. प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. तोंड उघडत नसेल, मान वळत नसेल, घशात गाठ असेल, तर ती काही मिनिटं फार कमी पडतात.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर झोप येईना म्हणून मी या नळीचा इतिहास वाचायला घेतला. नंतर महिनाभर वाचत राहिलो. जे हाती लागलं ते तक्त्यावरच्या ओळीपेक्षा खूप मोठं होतं, आणि थोडं वेगळंही.

सुरुवात खरोखर आपल्याकडच्या किताबांमध्ये सापडते, यात शंका नाही. इब्न सीनांचा 'अल-कानून' साधारण १०२५ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात घसा बंद होऊन माणूस गुदमरू लागला तर सोन्याची, चांदीची किंवा तशा धातूची नळी घशात सरकवावी, असं लिहिलेलं आहे. पण ती एक सूचना आहे. किती जणांना घातली, किती जगले, हे त्या ओळीत नाही.

त्याच काळात, कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्जहरा शहरात, शल्यवैद्य अबुल कासिम जहरावी होते. त्यांच्या 'अत्तसरीफ' मध्ये एक हकीकत आहे. एका गुलाम मुलीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला. जहरावींना बोलावलं तेव्हा जखमेतून श्वासाची हवा बाहेर येत होती. श्वासनलिका कापली गेली होती, मोठी रक्तवाहिनी वाचली होती. त्यांनी जखम शिवली. मुलगी जगली, फक्त आवाज थोडा बसका राहिला. यावरून त्यांनी अनुमान काढलं की श्वासनलिकेला छेद दिला तर माणूस मरतोच असं नाही. मोठं अनुमान आहे. पण त्या मुलीने गळा का कापून घेतला, तिचं नाव काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण अभिमानाने जहरावींचं नाव घेतो तेव्हा ही मुलगीही त्याच पानावर आहे, हे विसरू नये असं मला वाटतं.

आता तिसरं नाव, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहितोय. अबू मरवान इब्न जुहर. राहणार इश्बीलिया, म्हणजे आजच्या स्पेनमधलं सेव्हिल. वफात ११६२ च्या सुमारास. इब्न रुश्द यांचे स्नेही. त्यांच्या 'अत्तयसीर' या किताबात ते लिहितात की शिकत असताना त्यांनी श्वासनलिकेच्या छेदाबद्दल जुन्या वैद्यांची उलटसुलट मतं वाचली. कुणी म्हणे छेद द्यावा, कुणी म्हणे जखम भरत नाही. मग त्यांनी एक शेळी घेतली. तिची कातडी आणि खालचं आवरण कापून श्वासनलिकेला छोटासा छेद दिला, कडधान्याच्या दाण्याहूनही लहान. जखम मध-पाण्याने धूत राहिले. जखम भरली आणि शेळी पुढे बरेच दिवस जगली.

वाचकहो, ही शेळी मला सोन्याच्या नळीपेक्षा मोलाची वाटते. इब्न जुहर यांच्यासमोर मोठमोठी नावं होती. या नावांपैकी एकाच्या बाजूने उभं राहणं सोपं होतं. ते त्यांनी केलं नाही. आपल्या उर्दूत याला एक नेमका शब्द आहे: तहकीक. हक्क काय, सत्य काय, ते शोधून काढणं. जे ऐकलं ते पुढे ढकलण्याला नक्ल म्हणतात. शेळी ही तहकीक आहे. अब्बूच्या मोबाइलवर आलेला मेसेज ही नक्ल.

'अत्तयसीर'चं तेराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झालं आणि युरोपात इब्न जुहर 'अव्हेन्झोर' या नावाने वाचले गेले. १५४३ मध्ये आंद्रेयास वेसालियस यांनी जनावराच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून, फुंकर मारून फुप्फुसं फुगवून दाखवली. पण हे सगळं गळ्याला बाहेरून छेद देऊन. न कापता, तोंडातून नळी घालून ऑपरेशनची भूल देण्यासाठी १८७८ साल उजाडावं लागलं.

हे काम ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन या सर्जननी केलं. एका गिलावा करणाऱ्या कारागिराच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ होती. गाठ काढताना रक्त श्वासनलिकेत उतरून तो गुदमरेल ही भीती. मॅकेवेननी आधी प्रेतांवर नळी घालण्याचा सराव केला. मग रोगी जागा असतानाच त्याच्या घशात बोटांनी वाट दाखवत धातूची नळी घालून पाहिली, म्हणजे त्यालाही सवय व्हावी. मग नळीतून क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन केलं. १८८० मध्ये हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. प्रेत, मग जागा माणूस, मग ऑपरेशन. शेळीपासून सुरू झालेली वाट इथे पुढे गेलेली दिसते.

पुढची अडचण होती ती दिसण्याची. मॅकेवेन बोटांनी चाचपत होते. स्वरयंत्र जिवंत माणसात हलताना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका शिक्षकाने, हे वाचून मला फार बरं वाटलं. मॅन्युएल गार्सिया हे गायनाचे उस्ताद. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना सुचलं की दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने ऊन आत टाकलं तर स्वतःचे स्वरतंतू दिसतील. दिसले. पुढे १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी वाकडं पातं असलेला लॅरिंगोस्कोप तयार केला. जीभ बाजूला सारून, पात्याचं टोक जिभेच्या मुळाशी टेकवून उचललं की स्वरतंतू समोर येतात. ते पातं आजही जगभर वापरात आहे.

पण ज्याचे स्वरतंतू त्या पात्यानेही दिसत नाहीत त्याचं काय? भूल देण्याआधीच हे ओळखता येईल का? याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्या देशातला. मूळचे आंध्रचे शेषगिरी मल्लमपट्टी अमेरिकेत बोस्टनला भूलतज्ज्ञ होते. त्यांना वाटलं की बसलेल्या रोग्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढली आणि पडजीभ, तिच्या बाजूच्या कमानी दिसल्या नाहीत, तर नळी घालणं अवघड जाईल. १९८३ मध्ये त्यांनी हा विचार पत्र लिहून मांडला. तिथेच थांबले असते तर तो फक्त विचार राहिला असता. त्यांनी २१० रोग्यांना आधी तपासून अंदाज लिहून ठेवला, मग प्रत्यक्ष नळी घालताना काय झालं ते ताडून पाहिलं, आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापला. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की एकट्या या खुणेवर विसंबून चालत नाही. मान, जबडा, तोंडाची उघड हे सगळं बघावं लागतं. यात मल्लमपट्टींचा अपमान नाही. त्यांची खूण आजही रोज तपासतात, आणि तिची मर्यादाही शिकवतात.

आता मूळ गोष्ट, साधन बनवण्याची. १९८१. लंडनमध्ये आर्ची ब्रेन नावाचे भूलतज्ज्ञ. त्या काळी दोनच मार्ग. एक तर तोंडावर मास्क दाबून धरायचा, नाही तर नळी थेट श्वासनलिकेत घालायची. ब्रेन यांचा प्रश्न साधा होता. मास्क चेहऱ्यावर बसतो, तसा आत स्वरयंत्राच्या तोंडावर बसवता येणार नाही का? दातांच्या दवाखान्यात नाकावर लावायचा गोल्डमन मास्क असे, त्याला फुगणारी रबराची कड असे. ती कड त्यांनी घेतली आणि नळीला जोडली. पण घशाच्या आतला आकार कसा असतो? त्यासाठी त्यांनी मेलेल्या माणसांच्या घशात प्लास्टर भरून साचे काढले आणि त्या साच्यांवरून आकार ठरवला.

१९८३ मध्ये त्यांचा पहिला लेख आला. रोगी किती? २३. हजारो नाहीत, २३. १९८५ मध्ये दुसरा लेख आला: नळी घालता येत नव्हती अशा तीन रोग्यांमध्ये हा मास्क कामी आला. तीन. जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. मास्क विकायला आला तो १९८८ मध्ये. पहिल्या कल्पनेपासून सात वर्षं. या सात वर्षांत आकार बदलले, रबर जाऊन सिलिकॉन आलं. याला लॅरिंजियल मास्क म्हणतात. डोळ्यांनी स्वरतंतू न पाहता तो बसवता येतो, हा त्याचा मोठा गुण.

तरी ब्रेन यांचं समाधान झालं नव्हतं. मास्क श्वास देत होता, पण पोटातलं अन्न उलटून आलं तर श्वासनलिकेचं पूर्ण रक्षण होत नव्हतं. काही रोग्यांत खरी नळीच हवी. मग मास्कच्या आतूनच नळी श्वासनलिकेत घालता येईल असं साधन का नको? यासाठी त्यांनी एमआरआयच्या चित्रांवरून माणसाच्या घशाचं वळण मोजलं, त्या वळणाची कडक नळी केली आणि धरायला मूठ बसवली. डोकं-मान न हलवता, तोंडात बोटं न घालता ते आत जावं हा हेतू. १९९७ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. १५० रोगी. मास्क सर्वांना बसला. त्यातून न पाहता श्वासनलिकेत नळी गेली १४९ जणांत.

हा आकडा ऐकून कुणीही टाळ्या वाजवेल. पण त्याच लेखात पुढे लिहिलंय की पहिल्याच प्रयत्नात, काही न अडता नळी गेली ती ७५ जणांत, म्हणजे निम्म्यांत. उरलेल्यांत मास्क थोडा हलवून, वळवून पुन्हा करावं लागलं, काहींत दोन ते चार वेळा. हे लिहिलं नसतं तर साधन जास्त चांगलं दिसलं असतं. पण जो डॉक्टर रात्री दोन वाजता ते वापरणार, त्याला ७५ हा आकडा १४९ पेक्षा जास्त उपयोगी आहे. पहिल्यांदा अडलं तर घाबरू नये, थोडं वळवावं, हे त्याला त्या आकड्याने सांगितलं.

आणि माझ्या मामूंना याचा काय फायदा? काहीच नाही. हा मास्क आत जायला तोंड साधारण दोन सेंटीमीटर तरी उघडावं लागतं. मामूंचं तेवढंही उघडत नव्हतं. प्रत्येक साधनाची अशी एक हद्द असते. मॅडमना ती माहीत होती, म्हणून त्यांनी तिसरी वाट घेतली. मामूंना जागं ठेवून, नाक आणि घसा औषधाने बधिर करून, बोटापेक्षा बारीक अशी लवचिक दुर्बीण नाकातून आत नेली. पडद्यावर स्वरतंतू दिसले. दुर्बिणीवर आधीच चढवलेली नळी त्यांच्यामधून खाली सरकवली. नळीतून श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोय, हे यंत्रावर लाटेसारखं उमटलं. नळी बरोबर जागी असल्याची ती खूण. मगच भूल दिली. मामू नंतर म्हणाले, "खांसी आई बहुत, लेकिन डॉक्टरनी हर बात पहले बता के करती थी."

या दुर्बिणीची गोष्टही ऐका. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं, हे १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं. १९६७ मध्ये पीटर मर्फी या भूलतज्ज्ञांनी अशी एक दुर्बीण नाकातून नळी घालायला पहिल्यांदा वापरली. ती मुळात बनवली होती पित्तनलिका बघायला. मामूंचं ऑपरेशनही पित्ताशयाचंच.

आता सांगा, इंट्युबेशनचा शोध कुणी लावला? बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या हकीमांनी, कुर्तुब्याच्या सर्जननी, इश्बीलियाच्या शेळीने, ग्लासगोच्या कारागिराने, स्पॅनिश गवयाने, आंध्रच्या डॉक्टरांनी, पंजाबच्या सरदारजींनी की लंडनच्या ब्रेन यांनी? मला वाटतं, हा प्रश्नच आपल्याला चुकीच्या रस्त्यावर नेतो. त्याचं उत्तर मिळालं की माणूस खूश होतो आणि झोपी जातो. 'आमच्या पूर्वजांनी केलं' हे वाक्य आपल्या मोहल्ल्यातही ऐकू येतं आणि बाजूच्या गल्लीतही. नावं वेगळी, झोप तीच. आपल्यासारख्या, रोज कुणाला तरी आपली लायकी सिद्ध करून दाखवावी लागणाऱ्या समाजाला असा अभिमान गोड लागतो, हे मी समजू शकतो. मलाही लागतो. पण इब्न जुहर यांचा वारसा सांगायचा असेल तर त्यांचं चित्र लावून भागणार नाही. आलेला मेसेज पुढे पाठवायच्या आधी एकदा तपासणं, दवाखान्यात डॉक्टरांना प्रश्न विचारणं, आणि तोंड उघडून स्वतःकडेही बघणं, हा तो वारसा.

शेवटचं वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या शाळेच्या रस्त्यावर पुड्यांचा कचरा रोज पडलेला असतो. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या अवघड श्वासमार्गासाठीच्या संघटनेने २०१६ मध्ये आपल्या देशासाठी मार्गदर्शक नियम काढले. नियम चांगले आहेत, साधनंही आली आहेत. पण तोंड एका बोटाएवढं उघडतं अशी मुलं आपणच तयार करत असू, तर ती साधनं कुठवर पुरतील? आणि मामूंच्या मॅडमसारखा डॉक्टर, तशी दुर्बीण, प्रत्येक तालुक्याच्या गावी असेलच असं नाही.

तक्त्याचं काय झालं? मी त्या मुलाला इब्न जुहर यांची शेळी सांगितली. त्याला ती इतकी आवडली की त्याने रात्री बसून तक्ता नवा केला. मथळा बदलला: 'श्वासाची नळी: कुणी सुचवली, कुणी तपासली.' तीन रकाने आखले. नाव. कशावर तपासलं. काय अडलं. इब्न सीनांच्या पुढे दुसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं, 'नोंद मिळाली नाही.' प्रदर्शनाला आलेल्या एका पाहुण्यांना ते खटकलं. म्हणाले, "इतने बड़े हकीम के आगे ऐसा क्यों लिखा?"

मुलगा म्हणाला, "क्यूँकि ढूँढा, मिला नहीं."

तक्त्याच्या खाली त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली होती: 'तुमची तीन बोटं तोंडात जातात का? बघा.' त्या दिवशी येणारा प्रत्येक मुलगा तिथे उभा राहून बोटं मोजत होता. दहावीतल्या दोघांची दोनच गेली. त्यांना मी बाजूला घेतलं. खिशात काय आहे ते विचारलं नाही, फक्त मामूंची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आलो, आणि एकाचे अब्बा त्याला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेले.